पित्त तुमचं, कारागीर परके

रात्रीचे दोन. छातीत जळजळतंय म्हणून तुम्ही उठला आहात. अंधारात चाचपडत स्वयंपाकघरात आलात, फ्रिज उघडलात, थंड दुधाचा पेला तोंडाला लावलात. मग फ्रिजवरचा बिस्किटांचा जुना डबा खाली घेतलात. घरोघरी असतो तोच, औषधांचा. त्यात चघळायच्या अँटासिडच्या गोळ्या आहेत, दाढ दुखली तेव्हा आणलेल्या अँटिबायोटिकची अर्धी उरलेली स्ट्रिप आहे आणि वडिलांच्या पित्ताशयात खडे निघाले तेव्हापासून चालू असलेल्या त्यांच्या गोळ्या आहेत. आतून झोपाळू आवाज येतो, "काय झालं?" तुम्ही म्हणता, "काही नाही, पित्त झालंय."

ते पित्त नव्हे. घशाशी आलंय ते जठरातलं आम्ल. अंगावर गांध्या उठल्या की आपण आमसुलाचं पाणी लावतो, तेव्हा उठलेलं असतं तेही पित्त नव्हे, ती ॲलर्जी. आणि खालच्या मजल्यावरच्याने तुमच्या जागेत गाडी लावली की जे खवळतं, त्याची सोय तर यकृतात कुठेच नाही. आपण दिवसभर पित्ताच्या नावाने खडे फोडतो आणि दर वेळी आरोपी भलताच असतो. खरं पित्त ओळखते ती मासे कापणारी कोळीण. पोट चिरून आतडी काढताना ती एका इवल्या हिरव्या थैलीपाशी येते आणि तिची बोटं एकदम जपून चालू लागतात. थैली फुटली तर अख्खा मासा कडू झालाच म्हणून समजा.

दूध संपलं असेल तर निघू या. पहिला मुक्काम फार दूर नाही. फक्त साडेचार तास मागे.

काल रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि मटणाच्या रश्श्यासाठी तुम्ही दुसऱ्यांदा वाटी पुढे केली आहे. फरक एवढाच की आता तुम्ही ताटासमोर नाही, जठराच्या खाली, लहान आतड्याच्या पहिल्या वळणावर उभे आहात आणि तुमची उंची एका रेणूएवढी आहे. वरून तर्री येते. तेलाचे गोळे पाण्यावर तरंगताहेत, एकमेकांना चिकटून मोठे होताहेत, फुटायचं नाव नाही. तेवढ्यात भिंतीतल्या एका छिद्रातून हिरवट पिवळी धार सुटते. पित्ताशय आवळलं गेलंय. त्यात मावतात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर, पण ते घट्ट आटवलेलं असतं.

त्या धारेतला एक रेणू पकडा आणि न्याहाळा. नाव कोलिक आम्ल. यकृताने तो कोलेस्टेरॉलपासून घडवलाय. ज्या कोलेस्टेरॉलच्या नावाने तुम्ही दर वर्षी रिपोर्ट काढता, त्याच्यापासूनच. रेणूची एक बाजू पाण्याशी मैत्री करते, दुसरी तेलाशी. भांडी घासायच्या साबणाचं जे तत्त्व, तेच इथे. मागे एक शेपटी जोडलेली आहे, ग्लायसिनची किंवा टॉरिनची, म्हणजे पाण्यात नीट विरघळावं. असे रेणू टोळीने तेलाच्या गोळ्यावर तुटून पडतात आणि त्याचे बारीक बारीक थेंब करून टाकतात. मग पाचकरस त्यांचा समाचार घेतात.

काम झाल्यावर या पित्ताम्लांचं होतं काय? मुंबईच्या डबेवाल्याचा डबा जसा दुपारी ऑफिसात जातो आणि संध्याकाळी घरी परत येतो, तसं. लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यांना शोषून घेणारे दरवाजे आहेत. १०० पैकी सुमारे ९५ रेणू तिथून उचलले जातात आणि रक्तातून पुन्हा यकृतात पोचतात. शरीरात एकूण पित्ताम्ल असतं अवघं दोन ते चार ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्यात मावेल एवढं. तेच दिवसातून सहा ते दहा वेळा फिरवून फिरवून वापरलं जातं. काटकसरीत यकृताचा हात कोकणातली आजीसुद्धा धरणार नाही.

उरलेल्या पाच रेणूंचा दरवाजा चुकतो. तुम्ही त्यांच्याबरोबर चला.

पुढे मोठं आतडं. काळोख, प्राणवायूचा मागमूस नाही आणि गर्दी अशी की विरार लोकल रिकामी वाटावी. इथे शिरताच पहिली झडप शेपटीवर पडते. ग्लायसिन, टॉरिन तोडून पळवणारे जिवाणू इथे उदंड आहेत. पण दुसरं काम सगळ्यांना जमत नाही, ते मूठभर जातींचं खानदानी कसब आहे. त्यातली सर्वांत अभ्यासलेली जात क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स. लॅटिनमध्ये 'सिंडेन्स' म्हणजे कापणारा. कोलिक आम्लाच्या सांगाड्यावरच्या सातव्या कार्बनवर प्राणवायू आणि हायड्रोजनची एक जोडी बसलेली असते. ती जोडी काढायची. ऐकायला सोपं, पण त्यासाठी या जिवाणूकडे एकामागोमाग काम करणाऱ्या विकरांची रांग आहे: एक रेणूला पकडीत धरतं, दुसरं त्यातला हायड्रोजन काढतं, मग सातव्या घरातून पाण्याचा एक रेणू निसटतो, आणि पुढची विकरं विस्कटलेलं पुन्हा नीट बसवून देतात. हे सगळं जिवाणू आपल्यासाठी करत नाही. प्राणवायू नसलेल्या जागी नकोसे झालेले इलेक्ट्रॉन कुठे तरी टाकायचे असतात, ते तो तुमच्या पित्ताम्लावर टाकतो. आपला कचरा शेजारच्याच्या दारात.

पण कचरा टाकता टाकता नवा रेणू तयार झालेला असतो. कोलिकचं झालं डिऑक्सिकोलिक आम्ल. प्राणवायूचा एक अणू कमी, बाकी तेच. तरी स्वभाव बदलला. आता याला पाण्यापेक्षा तेलाची ओढ जास्त, पेशींच्या आवरणात शिरायची ताकद जास्त. यातला बराचसा मोठ्या आतड्याच्या भिंतीतून झिरपून यकृतात परत येतो, आणि माणसाच्या यकृताला सातव्या कार्बनवरची ती जोडी पुन्हा बसवता येत नाही. उंदराच्या यकृताला येते. आपलं यकृत आलेल्या रेणूला फक्त नवी शेपटी लावतं आणि फेरीत सोडून देतं. तेव्हा डबा परत येतो खरा, पण निघाला तो हा नव्हे. मोठ्या माणसाच्या पित्तात साधारण पाचवा हिस्सा या डिऑक्सिकोलिकचा असतो. तुमच्या पित्ताशयात या क्षणी जे साठलंय, त्यातला हा हिस्सा तुमच्या यकृताने बनवलेलाच नाही.

हे कळलं कसं? त्यासाठी आता लांब उडी घ्यावी लागेल.

१९५७. स्वीडनच्या दक्षिणेचं लुंड हे विद्यापीठाचं गाव. तुमच्यासमोर पोलादाची पिंपासारखी बंद टाकी आहे, तिला काचेची खिडकी, आणि भिंतीतून आत गेलेले रबराचे लांब हातमोजे. आत पांढरे उंदीर. थांबा, कशालाही हात लावू नका! या खोलीतली सर्वांत घाणेरडी वस्तू तुम्ही आहात. आतल्या उंदरांनी आणि त्यांच्या आईबापांनी जन्मात एक जिवाणू पाहिलेला नाही. त्यांच्या पूर्वजांना पोट चिरून निर्जंतुक पेटीत जन्माला घातलं होतं. त्यांचं अन्न, पाणी, हवा सगळं निर्जंतुक. बेंग्ट गुस्ताफसन या माणसाने हे बिनजिवाणूंचं जग उभारलंय. उंदीर टुणटुणीत दिसतात, फक्त पोट मोठं वाटतं, कारण जिवाणू नसले की उंदराचं अंधांत्र फुगून बसतं.

गुस्ताफसनच्या जोडीला सुने बर्गस्ट्रॉम आहे, ज्याला पुढे १९८२ मध्ये वेगळ्याच कामासाठी नोबेल मिळणार आहे, आणि लिंडस्टेट, नॉर्मन हे सहकारी. त्यांनी किरणोत्सारी कार्बन-१४ची खूण लावलेलं कोलिक आम्ल उंदरांना दिलंय. आता काम एकच, लेंड्या गोळा करायच्या आणि त्यात खूण लावलेला रेणू कोणत्या रूपात बाहेर येतो ते पाहायचं. विज्ञानातल्या मोठमोठ्या गोष्टी लेंड्या वेचण्यापाशी येऊन थांबतात, हे शाळेत सांगत नाहीत.

साध्या उंदरांच्या लेंडीत डिऑक्सिकोलिक आहे आणि इतर बदललेली रूपंही आहेत. टाकीतल्या उंदरांच्या लेंडीत डिऑक्सिकोलिक नाही. कोलिक आम्ल जसं गेलं तसं बाहेर आलं, शेपटीसकट. शिवाय ते शरीरात कित्येक पटींनी जास्त दिवस फिरत राहिलं. मग या मंडळींनी टाकीतल्या उंदरांना मुद्दाम आतड्यातले जिवाणू दिले. डिऑक्सिकोलिक हजर झालं. त्या दिवसापासून 'हे कोण करतं' हा प्रश्न उरला नाही.

इथून आणखी मागे जाताना फार रेंगाळू नका. १९११ मध्ये हान्स फिशर हा जर्मन रसायनज्ञ गुरांच्या पित्ताशयातल्या खड्यातून एक पित्ताम्ल वेगळं काढतोय. दगडातून मिळालं म्हणून नाव लिथोकोलिक. गाईबैलाच्या पित्ताशयातला खडा म्हणजे आपलं गोरोचन. ज्याचा टिळा लावतात, ज्याच्या शाईने भूर्जपत्रावर यंत्र लिहितात आणि पूजासाहित्याच्या दुकानात जे बारक्या डबीत ठेवलेलं असतं (अस्सल निघेल याची हमी मी घेणार नाही), ते. आणि लिथोकोलिकही जिवाणूंचीच करणी. यकृताच्या दुसऱ्या मुख्य पित्ताम्लावर, किनोडिऑक्सिकोलिकवर, सातव्या कार्बनचा तोच प्रयोग केला की हे बनतं.

मग म्युनिकचा हाइनरिख वीलंड. पित्ताम्लांची रचना उलगडल्याबद्दल त्याला १९२७ सालचं नोबेल मिळालं, हातात पडलं १९२८ मध्ये. त्याने काढलेली रचना चुकीची होती. चार वर्षांनी क्ष-किरणांच्या मोजमापांनी ती उघडी पडली आणि वीलंडनेच मग दुरुस्त रचना मांडली. पारितोषिक कुणी परत मागितलं नाही, आणि ते योग्यच झालं. हाताशी असलेल्या साधनांनी त्याने जे केलं ते अचाट होतं.

आता थोडं पुढे या आणि इथे बसा, कारण ही जागा बसण्यासारखी आहे. २१ सप्टेंबर १९४८, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं रोचेस्टर. समोरच्या पलंगावर २९ वर्षांची बाई. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसने सांधे इतके आखडलेत की कुशीवर वळायचं तरी ओठ आवळावे लागतात. मेयो क्लिनिकचे डॉक्टर फिलिप हेंच यांनी तिला एक इंजेक्शन द्यायचं ठरवलंय. एवढ्याशा कुपीतल्या त्या पदार्थाला तेव्हा नाव आहे 'संयुग ई'.

हेंच यांचं डोकं या वाटेला लागलं ते पित्तामुळेच. १९२९ मध्ये एका रुग्णाने त्यांना सांगितलं की कावीळ झाली आणि सांधे दुखायचे थांबले. असे आणखी रुग्ण भेटत गेले. काविळीत पित्त रक्तात चढतं, तेव्हा औषध पित्तातच असणार असं त्यांना वाटलं. रुग्णांना पित्ताचे क्षार दिले, काहीच झालं नाही. गरोदरपणातही सांधे सुटतात हे पाहिल्यावर त्यांनी पित्ताचा नाद सोडला आणि शेजारच्या प्रयोगशाळेतल्या एडवर्ड केंडल यांच्याशी बोलून अधिवृक्क ग्रंथींतल्या संप्रेरकांकडे वळले. संयुग ई त्यातलंच. आज आपण त्याला कॉर्टिसोन म्हणतो.

इंजेक्शन झालं. दोन-तीन दिवसांत ती बाई उठून चालू लागली. आठवडा झाला आणि ती गावात जाऊन तीन तास खरेदी करून आली.

आता कुपी उलटी करून बघा, माल कुठून आलाय. न्यू जर्सीतल्या मर्क कंपनीत लुइस सॅरेट या तरुण रसायनज्ञाने तो तीसहून जास्त पायऱ्या चढून बनवला. आणि पहिल्या पायरीवर काय ठेवलं होतं? कत्तलखान्यातून आणलेल्या बैलांच्या पित्तातलं डिऑक्सिकोलिक आम्ल! बैलाच्या आतड्यातल्या जिवाणूंनी सातव्या कार्बनची जोडी आधीच उडवून ठेवली होती. रसायनज्ञाचं तेवढं काम वाचलं. हेंच यांनी ज्या पित्ताचा नाद सोडला, त्याच्याच पोटातून त्यांचं औषध निघालं. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. जिवाणूंची नावं यादीत नव्हती. कॉर्टिसोनने पुढे तोंड सुजवलं, हाडं पोकळ केली, काहींची मनं बिघडवली, ती वेगळी कहाणी. पण तो आठवडा खोटा नव्हता.

वडिलांच्या गोळ्या आठवतात ना, डब्यातल्या? पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलंय: उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड. 'उर्सस' म्हणजे अस्वल. चीनमध्ये तांग राजवटीत, ६५९ मध्ये तयार झालेल्या औषधीग्रंथात अस्वलाच्या पित्ताची नोंद आहे. १९२७ मध्ये जपानच्या ओकायामात शोदा या संशोधकाने अस्वलाच्या पित्तातून हे आम्ल वेगळं काढून त्याला हे नाव दिलं. आजच्या गोळीत अस्वल नाही. ती कत्तलखान्यातल्या दुसऱ्या जनावरांच्या पित्तापासून कारखान्यात बनवतात. गंमत म्हणजे हाच रेणू थोडासा तुमच्याही आतड्यात बनतो. पुन्हा तोच सातवा कार्बन, पण इथले जिवाणू जोडी उडवत नाहीत, नुसती खालची वर फिरवतात. तेवढ्या फिरवण्याने रेणू मवाळ होतो, इतका की यकृताच्या काही आजारांत डॉक्टर तो वर्षानुवर्षं देतात.

तर एका घराच्या एका खिडकीवरून सगळा खेळ. जोडी तशीच राहिली तर साबण, वर फिरवली तर औषध, आणि काढून टाकली तर? याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून पुढचे दोन मुक्काम.

पहिला ॲमस्टरडॅमचा, जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीचा. पलंगावर एक वयस्कर रुग्ण आहे. कुठल्याशा संसर्गासाठी त्याने अँटिबायोटिक घेतलं, संसर्ग गेला, पण हगवण लागली ती थांबेना. कारण क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसिल नावाचा जिवाणू. हा बीजाणूच्या रूपात, टणक कवचात, कितीही दिवस पडून राहतो. तुमच्याआमच्या पोटात येऊन जातही असेल, उगवत नाही. या माणसाच्या पोटात उगवलाय. व्हँकोमायसिन दिलं की दबतो, थांबवलं की परत येतो. आता डॉक्टर त्याच्या नाकातून एक बारीक नळी लहान आतड्यापर्यंत सरकवताहेत, आणि त्या नळीतून जे सोडताहेत ते एका निरोगी माणसाचं शौच आहे, खारट पाण्यात कालवून गाळलेलं. नाक मुरडू नका. चिनी वैद्य गे होंग चौथ्या शतकात जीवघेण्या हगवणीवर हेच तोंडाने पाजत होता.

१६ जणांना ही नळी लागली. १३ पहिल्याच खेपेत बरे झाले, आणखी दोघे दुसऱ्या खेपेत. नुसत्या व्हँकोमायसिनवरच्या १३ पैकी बरे झाले चार. फरक इतका ढळढळीत की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

यात पित्ताचा काय संबंध? बॉस्टनमध्ये जोसेफ सॉर्ग आणि अब्राहम सोननशाइन यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं होतं की या बीजाणूला जागं करतं टॉरिनची शेपटी असलेलं कोलिक आम्ल, म्हणजे यकृतातून निघालेला ताजा माल. आणि जागं झाल्यावर त्याची वाढ रोखतं डिऑक्सिकोलिक. आता जुळवून बघा. अँटिबायोटिकने आतड्यातले कापणारे कारागीर मारले. शेपट्या तुटायच्या थांबल्या, सातव्या घरची जोडी उडायची थांबली. गजर वाजत राहिला आणि पहारेकरी कामावर आलाच नाही. पुढे २०१५ मध्ये उंदरांना एकट्या क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्सचा डोस दिल्यावरही या संसर्गापासून बरंच संरक्षण मिळालं. सगळं श्रेय पित्ताम्लांना देणं बरोबर नाही. निरोगी आतड्यातले जिवाणू त्या उपऱ्याचं अन्नही पळवतात. पण पित्ताम्लांचा वाटा मोठा आहे.

म्हणजे डिऑक्सिकोलिक सज्जन? घाई करू नका. १९४० मध्येच इंग्लंडमध्ये उंदरांना ते टोचून गाठी झाल्याचं नोंदलं गेलं होतं. तेव्हापासून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या बाबतीत या रेणूवर संशय आहे. पेशीचं आवरण फोडायची त्याची ताकद इतकी पक्की की २०१५ मध्ये अमेरिकेत हनुवटीखालची चरबी विरघळवायचं इंजेक्शन म्हणून त्याला परवानगी मिळाली. सौंदर्यासाठी हनुवटीत जे सुईने घालतात, ते तुमच्या मोठ्या आतड्यात रोज फुकट बनतं.

म्हणून दुसरा मुक्काम, दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांताचा ग्रामीण भाग. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचे मुख्य संशोधक पिट्सबर्गचे स्टीफन ओकीफ. तिकडच्या आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांत मोठ्या आतड्याचा कर्करोग दर लाखात ६५. इथल्या ग्रामीण माणसांत पाचाच्याही खाली. पूर्वज एकाच खंडाचे, ताटं वेगळी. ओकीफ यांनी ताटांची अदलाबदल केली. दोन्हीकडे २० माणसं, मुदत दोन आठवडे.

इथल्या ताटात बघा. रोजच्या मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीऐवजी, म्हणजे आपल्या कण्यांच्या चुलतभावाऐवजी, बीफचं सॉसेज आणि पॅनकेक, दुपारी हॅम्बर्गर आणि फ्रेंच फ्राईज. खाणारे खूश आहेत, लपवत नाहीत. चोथा रोजचा ६६ ग्रॅम होता, तो १२वर आला. उष्मांकातला चरबीचा वाटा १६ टक्क्यांवरून ५२वर गेला. तिकडे पिट्सबर्गमध्ये उलटं: मका, चवळी, भेंडी-टोमॅटो. चोथा १४ ग्रॅमवरून ५५वर, चरबी ३५ टक्क्यांवरून १६वर. भेंडी बघून त्या २० जणांचे चेहरे कसे झाले असतील, हे ज्याच्या घरात मुलं आहेत त्याला सांगायला नको.

पंधरवड्याने दोन्हीकडे पुन्हा दुर्बीण घालून तपासलं. अमेरिकनांच्या शौचात जिवाणूंनी बनवलेली पित्ताम्लं ७० टक्क्यांनी घटली होती. आफ्रिकनांच्या शौचात ४०० टक्क्यांनी वाढली होती. आतड्याच्या अस्तरातली दाह आणि पेशींच्या वाढीची लक्षणंही त्याच दिशेने हलली. दोन आठवड्यांत कर्करोग होत नाही की जात नाही, आणि ४० माणसं म्हणजे जग नव्हे. कारण मात्र पुरेसं स्पष्ट आहे. चरबी जास्त आली की पित्त जास्त सुटतं, जास्त रेणूंचा दरवाजा चुकतो, कारागिरांना जास्त कच्चा माल मिळतो. उलट चोथा आंबला की मोठ्या आतड्यात आम्लता वाढते, आणि त्या आम्लतेत सातव्या कार्बनवरची कात्री बोथट होते.

डिऑक्सिकोलिक अजिबात नसलं तर डिफिसिल उगवतो, रोज उतू जाईल इतकं असलं तर अस्तर पोळतं. प्रमाणाचा प्रश्न आहे. आणि प्रमाण ठरतं ताटात आणि औषधाच्या डब्यात.

परतीच्या वाटेवर दोन ठिकाणं खिडकीतूनच बघून घ्या. १९९९: तीन प्रयोगशाळा जवळजवळ एकाच वेळी सांगताहेत की पेशीच्या केंद्रकातला एक बेवारस ग्राहक (रिसेप्टर) पित्ताम्लांनी चालू होतो. म्हणजे ज्याला आपण साबण समजत होतो तो निरोप्याही आहे; यकृताला 'पुरे, आता बनवू नकोस' हे तोच कळवतो. काही वर्षांत दुसरा ग्राहक सापडला, आणि त्याला सर्वांत जोरात चालू करतात ती लिथोकोलिक आणि डिऑक्सिकोलिक, जिवाणूंच्या हातची. तो आतड्यातल्या पेशींकडून जीएलपी-१ सोडवतो. हल्ली वजन उतरवायच्या महागड्या इंजेक्शनांत ज्याची नक्कल असते, तेच. आणि २०२१, टोकियोचं केइओ विद्यापीठ: सरासरी १०७ वर्षांच्या १६० शतायुषींच्या शौचात एक विरळ पित्ताम्ल भरपूर सापडलं, आयसोॲलोलिथोकोलिक. प्रयोगशाळेत ते डिफिसिलला मारतं. त्याच्यामुळे ही माणसं इतकी जगली की इतकी जगली म्हणून ते आहे, हे यातून ठरत नाही. 'शतायुषी पित्ताम्ला'ची कॅप्सूल कुणी विकायला आणली तर पैसे खिशातच ठेवा.

सकाळचे सहा. तुम्ही स्वयंपाकघरात, पेला हातात. जळजळ थांबली आहे; अँटासिडने नव्हे, रस्सा पुढे सरकल्यामुळे. दिवसभरात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास पित्ताम्ल शौचातून बाहेर जातं. तेवढंच नवं यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवून भरपाई करतं, आणि मोठ्या आतड्यात त्याची वाट पाहणारे तिथेच आहेत, निदान अजून तरी.

पेला विसळून ठेवा. वडिलांच्या गोळ्या त्यांना न्याहारीबरोबर द्या. आणि डब्यातली ती अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप पुढच्या दाढदुखीसाठी जपून ठेवू नका.